पहिली नऊ गिऱ्हाइके

इंदूर,
गुरुवार, १९ जून २००३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

आदरणीय प्रीतीताईस,
सप्रेम जय भीम.

मी आत्ता नळासमोर पाटावर बसलो आहे. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. आज सहाला यायचे होते, अजून आले नाही. पुढे दोन ड्रम आणि सात बादल्या आहेत. वही गुडघ्यावर आहे, तेव्हा अक्षर वाकडे आले तर समजून घे.

फोन करता आला असता, पण फोनवर मी घाईत चुकीचे आकडे सांगतो. लिहिलेले तपासून पाठवता येते.

मिल गेल्या वर्षी बंद झाली ते तुला शोभनाआत्याने सांगितलेच असेल. बाबांना व्हीआरएसचे पैसे मिळाले. पतपेढीचे कर्ज फेडून आणि घरावरचे पत्रे बदलून चौसष्ट हजार उरले. एवढेच आहेत. पोस्टात मासिक व्याजावर टाकले तर दरमहा चारशे सव्वीस रुपये येतील. बाबांनी फॉर्म भरून ठेवला आहे, सही केलेली नाही. मला झेरॉक्सच्या दुकानात नऊशे मिळतात. आई दोन घरी पोळ्या करते. बाबा बरे आहेत. दोन्ही वेळा जेवतात. घडीखात्यात अठ्ठावीस वर्षे गेल्यामुळे घरातला प्रत्येक टॉवेल मिलच्या मापाने घडी घालून ठेवतात. त्यापलीकडे काही करत नाहीत, म्हणून काळजी वाटते.

आता कामाचे. अन्नपूर्णा रोडवर आमच्या दुकानाशेजारी इंटरनेट कॅफे आहे, तासाला वीस रुपये. तिथे एक साइट पाहिली. तिच्यावर कोणीही माणूस काहीही विकू शकतो. दुकान लागत नाही, पगडी लागत नाही. फोटो आणि किंमत लिहायची, घेणारा देशात कुठेही असो, पैसे आले की पार्सल पाठवायचे. मी पाच आठवडे रोज एक तास बसून कोणती वस्तू किती लोक विकतात आणि किती विकली जाते हे वहीत उतरवले.

पहिल्यांदा शेव-नमकीन धरले, कारण आपले शहर त्याचेच. मल्हारगंजातून अर्धा किलो शेव घेतली आणि डब्यात बांधून टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली. चार दिवसांनी आली. आईने उघडून पाहिले आणि म्हणाली, बेसन कोणी पाठवलं? ते रद्द. चादरी विकणारे त्रेसष्ट जण आहेत आणि वजन फार. चामड्याचे हत्ती-घोडे अकरा जण विकतात, शिवाय बाबा म्हणाले पावसाळ्यात वास मारतील.

पितळी साचा, ज्यातून आपण शेव आणि चकली पाडतो, तुम्ही पुण्यात ज्याला सोऱ्या म्हणता, तो विकणारे किती आहेत सांग. शून्य. पाच आठवड्यांत एकही नाही. वजन एक किलो नव्वद ग्रॅम. सडत नाही. गच्चीवरून तीनदा टाकला, फुटला नाही. खालच्या काकू ओरडल्या ते वेगळे.

त्या साइटवर खाते उघडायला बँकेचे चेकबुक लागते आणि कुरियरचा माणूस घरी येऊन माल नेतो तो पुण्यात येतो, इंदुरात अजून येत नाही. तू तुझ्या नावाने खाते उघडशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. मग मी बाबांना पोस्टाच्या फॉर्मवर सही करायला सांगेन.

पाणी आले. थांबतो.

तुझा,
संघदीप


पुणे,
२ जुलै २००३

प्रिय संघदीप,
जय भीम.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि शेवेपाशी आल्यावर मोठ्याने हसले. साहेबांनी मान वर करून पाहिलं. स्वतःलाच पार्सल पाठवणारा तू जगातला पहिला माणूस असशील! आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “भाऊरावाचा पोरगा शोभतो. माझा भाऊ लुगडं घ्यायला गेला तरी दुकानदाराला घाम फोडायचा.”

खातं उघडलं आहे. माझ्या नावाने, माझ्या बँकेचं. तू माल इथे पाठव, मी पत्ते लिहून कुरियरवाल्याला देत जाईन. त्यात काय एवढं.

एक मात्र विचारते, रागावू नकोस. मोबाइलची कव्हरं का नाही? इथे पोरंपोरी वेड्यासारखी घेतात. आणि साचा सगळ्यांच्या घरी असतोच रे. माझ्याकडे आईचा आहे, आईकडे आजीचा होता. म्हणून कोणी विकत नसेल का? तू पाच आठवडे अभ्यास केला आहेस, मी पाच मिनिटं. तेव्हा तुझंच खरं असेल.

मामांना सांग, प्रीतीने विचारलं. मामी दोन घरी पोळ्या करते हे ऐकून आईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं.

तुझी,
प्रीतीताई


इंदूर,
रविवार, १३ जुलै २००३. दुपारचे सव्वातीन.

आदरणीय प्रीतीताईस,
सप्रेम जय भीम.

आत्ताच बस स्टँडवरून आलो. दहा साचे पुण्याच्या बसने पाठवले, पावती सोबत जोडली आहे. पार्सलचे एकशे चाळीस मी दिले.

मोबाइल कव्हरचे मी पाहिले. दोनशे नऊ जण विकतात. सगळ्यांकडे साचा असतो या तुझ्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. ताटेही सगळ्यांकडे असतात, तरी ताटांचे दुकान चालते. असे वहीत लिहिले आहे. बरोबर आहे की नाही याची मला खात्री नाही.

साचे पोलोग्राउंडच्या शरद भियांकडून घेतले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ मशीन आहेत. मी वजनकाटा घेऊन गेलो आणि दहाही साचे वेगवेगळे तोलले. ते बघत राहिले. मग म्हणाले, “अरे भिया, लड़की देखने आए हो क्या? खालिस पीतल है, तुम्हारा पोता घुमाएगा इसको.” मी सांगितले की एका साच्याचे वजन चाळीस ग्रॅम कमी आहे. ते म्हणाले, “हाओ, तो चालीस ग्राम सेव कम खा लेना.” पण बदलून दिला. दहाचा भाव सव्वादोनशे लावला. शंभराच्या वर घेतले तर दोनशे दहा. पैसे माझ्या साठवणीतले आहेत, बाबांचे नाहीत.

आपण तीनशे पंचेचाळीसला विकू. टपालाचे पंचावन्न वेगळे, म्हणजे घेणाऱ्याला चारशे पडतील.

आता नियम सांगतो, तो मी आधीच लिहून ठेवला आहे म्हणजे नंतर मन बदलणार नाही. चौदा दिवस. दहापैकी पाच किंवा जास्त गेले तर वस्तू चालते, मग बाबांकडे पैसे मागेन. पाचापेक्षा कमी गेले तर हा विषय संपला. एका बँकेच्या एटीएमवर गार्डची जागा आहे. बारा तास, अठराशे पगार. एजन्सीला पंधरा ऑगस्टपर्यंत उत्तर द्यायचे आहे. बाबांना हा नियम सांगितला. ते म्हणाले, “पाच कमी आहेत. सात धर.” म्हणून सात धरले आहेत.

त्या दिवशी खूप महिन्यांनी त्यांनी कशात तरी भाग घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त पाच खोडून सात केले.

तुझा,
संघदीप


पुणे,
४ ऑगस्ट २००३

प्रिय संघदीप,

चौदा दिवस झाले. नऊ गेले. दहावा फोटोसाठी काढला होता तो माझ्याकडे आहे. साइटचं कमिशन कापून दोन हजार नऊशे पन्नासचा ड्राफ्ट सोबत आहे.

सगळ्यांना मिळाले. तक्रार नाही.

एक सांगू? मोठा माल लगेच घेऊ नकोस. थोडं थांब. आणखी एक महिना असेच दहा-दहा करून बघू. सुरुवातीला होतं असं, मग थंडावतं. आणि गार्डच्या जागेला एकदम नाही म्हणू नकोस.

ऑफिसात ऑडिट चालू आहे, म्हणून छोटं लिहिते.

प्रीतीताई


इंदूर,
गुरुवार, १४ ऑगस्ट २००३. रात्रीचे आठ.

आदरणीय प्रीतीताईस,
सप्रेम जय भीम.

ड्राफ्ट मिळाला. नऊ ही संख्या मी तुझ्या पत्रात तीनदा वाचली.

तू थांब म्हणालीस. मी थांबायच्या बाजूची कारणे एका पानावर लिहिली आणि न थांबायची दुसऱ्या पानावर. दिवाळी पंचवीस ऑक्टोबरला आहे. आपल्याकडे दिवाळी नसली तरी फराळ होतो, मग ज्यांच्याकडे दिवाळी आहे त्यांच्याकडे किती होत असेल. जुलैत कोणी चकली करत नाही. जुलैअखेरच्या चौदा दिवसांत नऊ गेले तर ऑक्टोबरमध्ये किती जातील? मी दुप्पट धरले नाहीत. तेवढेच धरले. तेवढ्यावरही एकशे वीस साचे फेब्रुवारीत संपतात. दहा-दहा घेतले तर सव्वादोनशेचा भाव पडतो आणि नफ्यातले पंधरा रुपये जातात.

बाबांना दोन्ही पाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. विचारले, “नऊ जण कोण?”

मी म्हणालो, “साइटवर नावं नसतात, टोपणनावं असतात. पत्ते ताईकडे.”

“वेगवेगळ्या गावचे?”

“साइट देशभर दिसते, म्हणजे वेगवेगळ्या गावचेच असणार.”

त्यांनी दोन्ही पाने घडी घालून माझ्याकडे दिली. मग म्हणाले, “आठ धर. एक इकडे-तिकडे होतो.” आठावरही हिशोब बसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेतून अठ्ठावीस हजार काढून दिले. उरलेले छत्तीस हजार पोस्टात टाकले. दरमहा दोनशे चाळीस येतील.

आई म्हणाली, “मला कोणी विचारलं का?” बाबा म्हणाले, “तुला काय कळतं धंद्यातलं?” ती म्हणाली, “तुम्हाला कळतं तेवढंच.”

शरद भियांकडे बाबाही आले. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा ते पोलोग्राउंडच्या कारखान्यांकडे गेले. एकशे वीस साचे एकेक करून त्यांनी पाहिले. दट्ट्याच्या आट्यांवरून नख फिरवले, जाळ्या उजेडाकडे धरल्या, काठावर बोट फिरवून धार राहिली आहे का पाहिले. चौदा बाजूला काढले. शरद भिया म्हणाले, “चाचाजी, ये सेव का साँचा है, हवाई जहाज नहीं.” बाबा म्हणाले, “बोट कापेल.” एवढेच. चौदाही बदलून मिळाले. सात रुपयांप्रमाणे दोनशे छापील खोकी केली, त्याहून कमी छापखानेवाला छापत नाही. साठ साचे उद्याच्या बसने तुझ्याकडे निघतील.

एजन्सीत आज जाऊन नकार कळवला. तिथला माणूस म्हणाला, “ठीक है, लाइन में बीस खड़े हैं.”

त्या नऊ जणांचे पत्ते मला पाठवशील का? कोणत्या गावाहून जास्त मागणी आहे ते वहीत मांडायचे आहे. पत्ते मिळाले तर त्यांना विचारून एकेक ओळीचा अभिप्रायही घेता येईल.

तुझा,
संघदीप


इंदूर,
रविवार, २८ सप्टेंबर २००३. दुपारचा एक.

आदरणीय प्रीतीताईस,
सप्रेम जय भीम.

तुझे पत्र नाही. माझे आधीचे पत्र मिळाले असेल. साठ साचे पोचल्याची बसची पावती माझ्याकडे आहे, म्हणजे ते पोचले आहेत.

साइटवर मी रोज बघतो. सहा आठवड्यांत एक गेला. जमशेदपूरच्या कोणी स्मिता यांनी घेतला. त्यांनी साइटवर लिहिले आहे की टाटानगरात हा मिळत नाही, आईचा साचा भावजयीकडे राहिला, चार वर्षे चकली केली नव्हती. अभिप्राय चांगला आहे. पण एकच आहे.

फोटो बदलून पाहिला, साठ रुपये लागले. किंमत तीनशे पंचवीस करून पाहिली. काही झाले नाही, म्हणून परत तीनशे पंचेचाळीस केली. नवरात्र सुरू झाले. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, “आज?” मी सांगतो, नाही. ते मान हलवतात.

जुलैअखेर नऊ आणि सप्टेंबरमध्ये एक, असे का, हे मला समजत नाही. माझ्या हिशोबात कुठे चूक आहे ते तू बाहेरून बघून सांगू शकशील. नऊ पत्ते पाठव.

तुझा,
संघदीप


पुणे,
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय संघदीप,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. तीन फाडली. आता जसं येईल तसं पाठवते.

तुझ्या हिशोबात चूक नाही. ते नऊ आपलेच होते.

आमचे पप्पा ज्या मिलमध्ये होते ती तुमच्या आधी दहा वर्षं बंद पडली, तू तेव्हा लहान होतास. त्यांनी मल्हारगंजात पंक्चरचं दुकान टाकलं. पहिल्या आठवड्यात चाळीस सायकली आल्या. पप्पा आईला म्हणाले, आता काही चिंता नाही, आणि उसने घेऊन मोठा कंप्रेसर आणला. मी नववीत होते. शाळेतून येताना मामांना पाहिलं, तुझ्या बाबांना. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते स्वतःच्या सायकलच्या ट्यूबला टाचणी टोचत होते. मी दिसले तर म्हणाले, “सांगायचं नाही.” सगळ्या मिलवाल्यांची हीच रीत होती. कोणी नवा धंदा काढला की प्रत्येकाने एकदा जायचं, काहीतरी घ्यायचं, आणि कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती भीक होते. दुसऱ्या महिन्यात दुकानात कोणी आलं नाही. कारण ज्याची त्याची बोहनी करून झाली होती. चार महिन्यांनी दुकान बंद झालं आणि आम्ही पुण्याला आलो. एवढं पाहिलेली मी, आणि तेच केलं.

माल आला त्याच दिवशी पहिला मी घेतला. वाटलं, पोराची बोहनी तरी होऊ दे. मग आईने घेतला, शेजारच्या पोराकडून, मला न सांगता. पत्ता छापला तेव्हा कळलं. ऑफिसातल्या मानसीने घेतला आणि माझी हॉस्टेलची मैत्रीण शर्वरी, तिने घेतला. या दोघींपाशी मी सहज तुझं बोलले होते. नागपूरचा पंचशीलदादा आणि त्याची सासू इंदुमतीबाई. मुंबईची तुझी सुलोचनाआत्या. भोपाळचा रजत, तुझ्या वर्गातला, त्याला पंचशीलदादाने सांगितलं असणार. आणि महूचे बाबूराव काका. इंदूरहून निघालेला साचा पुण्याला आला आणि पुण्याहून महूला गेला. तुझ्या घरापासून तेवीस किलोमीटर.

बहुतेकांना वाटत होतं की आपण एकटेच. पत्ते मी लिहिले म्हणून सगळे नऊ फक्त मला दिसले. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. चार ऑगस्टचं पत्र लिहिताना एक ओळ लिहिली होती, ती कापली. वाटलं, “थांब” लिहिलं तरी तुला समजेल. मग तुझं अठ्ठावीस हजारांचं पत्र आलं. त्यानंतर मला लिहिता आलं नाही.

घरात साठ साचे आहेत, पलंगाखाली. रोज झाडताना हाताला लागतात. मी दरमहा हजार रुपये पाठवीन. मामांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांग.

प्रीती


इंदूर,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २००३. सकाळचे साडेदहा.

आदरणीय प्रीतीताईस,
सप्रेम जय भीम.

दुकानात आज गर्दी नाही. मालकांच्या परवानगीने काउंटरवर बसून लिहितो आहे.

तुझे पत्र अठरा तारखेला मिळाले. मी ते दोन दिवस वहीत ठेवले. वीस तारखेला संध्याकाळी बाबांनी “आज?” विचारले तेव्हा मी सांगितले की पहिले नऊही आपलेच होते.

बाबा म्हणाले, “नावं वाच.”

मी तुझ्या पत्रातल्या क्रमाने वाचली. तुझे नाव, आत्याचे, सगळी. ते ऐकत होते. शेवटी बाबूराव काकांचे आले तेव्हा म्हणाले, “तो माझा.”

“काकांनी घेतला ना?”

“माझा. महूला जाऊन बाबूरावाला चारशे दिले होते. त्याच्या नातवाने कॅफेतून केलं.”

मी विचारले, “मग तुम्हाला माहीत होतं?”

“माझा एक माहीत होता. म्हणून तर तुला म्हणालो, आठ धर.” मग म्हणाले, “आठ खरे असतील असं वाटलं.”

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “बापलेक दोघंही हुशार.” आणि पोळ्या लाटू लागली. जेवण वेळेवर झाले.

तुझ्यावर राग नाही. कोणावरच नाही. काय वाटायला पाहिजे हे मी शोधून पाहिले, काही सापडले नाही. दिवाळीच्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे फराळ केला आणि मी खाल्ला.

चूक कुठे झाली ते मी लिहून काढले आहे. मी किती गेले ते मोजले. कोणाला त्या वस्तूवाचून अडले होते ते मोजले नाही. अडलेली एकच होती, जमशेदपूरची. तुझ्या घरी आजीच्या काळापासून साचा आहे हे तू दोन जुलैलाच लिहिले होतेस.

काल मल्हारगंजातल्या एका भांड्यांच्या दुकानदाराकडे चाळीस साचे नेले. तो किलोने घेतो म्हणाला. बाबा बरोबर होते. त्यांनी एक साचा काउंटरवर ठेवला, उघडला आणि सांगितले की आटे मी तपासले आहेत, हा भंगारात जाणार नाही. दुकानदार म्हणाला, “काकाजी, तपासलंत म्हणून दहा रुपये जास्त.” एका साच्याचे एकशे पन्नास पडले. मी लगेच बाबांना ते सहा हजार दिले. त्यांनी नोटा मोजल्या, घडी घातली आणि खिशात ठेवल्या. एजन्सीत परत जाऊन आलो. ती जागा भरली आहे. माझे नाव यादीत सत्ताविसावे आहे.

दरमहा हजार पाठवू नकोस. आले तर मी परत पाठवीन. उलट मी त्या नऊ जणांचे पैसे देणार आहे, टपालासकट प्रत्येकी चारशे. विक्रीच्या पानावरून ती नऊ नावे खोडून देण्याच्या पानावर घेतली आहेत. साचे त्यांनी ठेवावेत. पहिली मनीऑर्डर इंदुमतीबाईंना जाईल, कारण त्यांना मी ओळखतही नाही. वेळ लागेल. पलंगाखालच्या साठांचे काय करायचे ते जानेवारीपर्यंत ठरवतो. तोपर्यंत साइटवरून काढू नकोस.

आत्याला नमस्कार. हिशोब खाली देतो. दोनदा तपासला आहे.

खर्च
साचे १३० (१० दर २२५, १२० दर २१०): २७,४५०
खोकी २००: १,४००
बस पार्सल, दोन खेपा: ६६०
कॅफे, ३७ तास: ७४०
फोटो: ६०
साइटचे कमिशन: १७२
एकूण खर्च: ३०,४८२

आवक
जमशेदपूर, साचा १: ३४५
मल्हारगंज, साचे ४०: ६,०००
एकूण आवक: ६,३४५

शिल्लक साचे: पुण्यात ६०, इंदुरात २०. रिकामी खोकी घरात.

देणे
प्रीतीताई, शोभनाआत्या, मानसी, शर्वरी, पंचशीलदादा, इंदुमतीबाई, सुलोचनाआत्या, रजत, प्रत्येकी ४००: ३,२००
बाबा, दिलेले २८,००० वजा परत केलेले ६,०००: २२,०००
बाबा, बाबूराव काकांच्या नावाने: ४००
एकूण देणे: २५,६००

शेवटचे चारशे लिहू नकोस, असे बाबा म्हणाले. लिहिले आहेत.

तुझा,
संघदीप